जीपच्या डिकीतला दिवा : तार, फ्यूज आणि दहावीची विद्युतधारा

विद्यार्थी मित्रांनो, पालक बंधुभगिनींनो आणि सन्माननीय विश्वस्त मंडळी,



आपल्या शाळेची जुनी जिप्सी आपणा सर्वांच्या ओळखीची आहे. चोरल, जानापाव, मांडू इथल्या निसर्गशिबिरांना मुले बसने जातात आणि तंबू, दोर, भांडी, पाण्याचे कॅन, प्रथमोपचाराची पेटी हे सगळे सामान जिप्सीतून जाते. या गाडीच्या मागच्या भागात, म्हणजे आपण ज्याला डिकी म्हणतो तिथे, दिवा नाही. छताचा लहान दिवा पुढच्या सीटच्या वर आहे, त्याचा उजेड सामानाच्या ढिगाआड पोचत नाही. म्हणून येत्या हिवाळी शिबिरापूर्वी डिकीत एक दिवा बसवायचे ठरले आहे. हे काम दहावीची मुलेमुली करतील. विज्ञानाचे सर आणि एक अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन त्यांच्यासोबत उभे असतील.

ही बातमी पोचताच तीन प्रश्न माझ्याकडे आले. एका आईने विचारले, "सर, मुलांना करंट तर लागणार नाही ना?" एक वडील म्हणाले, "बारा व्होल्टचे काम आहे, मिस्त्री पंधरा मिनिटांत करून देतो. त्याचा एवढा सोहळा कशाला?" आणि एका विश्वस्तांनी सुचवले की, दिव्याऐवजी एक चांगली टॉर्चच घ्यावी. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देता देता संपूर्ण कामच समजावून सांगावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. ज्यांच्या घरी जीप, बोलेरो, थार किंवा तशी एखादी गाडी आहे, त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

दिवा कशासाठी?

डिसेंबरात आपल्या मालव्यात सहा वाजता अंधार पडू लागतो, आणि घाटातल्या झाडीत त्याच्याही आधी. शिबिरात कोणाला दगड लागला, पायात काटा गेला, तर पेटी उघडून कापूस, पट्टी, औषध काढायला दोन हात लागतात. टॉर्च धरायला तिसरा हात लागतो. मोबाईलचा दिवा तोंडात धरून पट्टी बांधणारे लोक मी पाहिले आहेत. त्याहून वाईट म्हणजे काडी पेटवून सामान शोधणे. ज्या डिकीत स्टोव्ह आणि रॉकेलचा किंवा पेट्रोलचा डबा असतो, तिथे काडी पेटवणे म्हणजे संकटाला निमंत्रणच.

टॉर्च आपण ठेवणारच आहोत. पण टॉर्च जागेवर सापडत नाही, तिचे सेल गळतात, कोणीतरी ती तंबूत घेऊन जातो. बसवलेला दिवा जागा सोडत नाही, म्हणून दोन्ही हवेत.

बारा व्होल्टचा स्वभाव

आता आईंच्या प्रश्नाकडे वळू. घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि तिचा झटका जीव घेऊ शकतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची आहे. तिच्यात सहा घर असतात, प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्ट देते, म्हणून पूर्ण भारलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे विभवांतराला रोधाने भागले की धारा मिळते. १२ ला हजारोंनी भागले तर अँपिअरचा अगदी किरकोळ अंश उरतो. कोरड्या हातांनी काम करणाऱ्याला या बॅटरीचा झटका जाणवतही नाही.

इथेच पुष्कळ जण निर्धास्त होतात आणि इथेच धोका सुरू होतो. बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध फार कमी असतो. इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरला ती क्षणभर शेकडो अँपिअर धारा देते. ती धारा माणसाच्या शरीरातून जाणार नाही, पण तांब्याच्या तारेतून मात्र बेधडक जाईल. म्हणून १२ व्होल्टच्या कामात झटक्यापेक्षा आगीची भीती मोठी.

दहावीच्या मुलांनी वहीत हा हिशेब करून पाहावा. आपली तार ०.७५ चौरस मिलिमीटरची, लांबी ५ मीटर. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०२३ ओहम, म्हणजे पाच मीटरला साधारण ०.१२ ओहम. आता समजा, तारेचे वरचे आवरण मागच्या टोकाला घासून गेले आणि आतले तांबे गाडीच्या पत्र्याला टेकले. दिवा वगळून धारा थेट पत्र्यात उतरेल. यालाच आपण शॉर्ट सर्किट म्हणतो. बॅटरी आणि सांधे यांचा रोध धरून एकूण ०.१५ ओहम मानू. १२ भागिले ०.१५ म्हणजे ८० अँपिअर.

पुढचा नियम जेम्स प्रेस्कॉट जूल यांचा, १८४१ सालचा. उष्णता ही धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. ८० चा वर्ग ६४००, त्याला ०.१२ ने गुणले की ७६८ वॅट. घरातली साधी इस्त्री साधारण एवढीच असते. फरक इतकाच की इस्त्रीला जाड लोखंडी तळ असतो, आणि इथे ती सगळी उष्णता अवघ्या ३४ ग्रॅम तांब्यात साठते. ढोबळ हिशेबाने तार दर सेकंदाला जवळजवळ ६० अंशांनी तापू लागते. दोन-तीन सेकंदांत तिचे प्लास्टिकचे आवरण मऊ होऊन वितळू लागते. शेजारी गालिचा, कॅनव्हास किंवा अंथरूण असेल तर पुढे काय होईल, ते सांगायला नको.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

मुलांना मी हा प्रश्न नेहमी विचारतो, आणि बहुतेकांचे उत्तर "दिव्याचे" असे येते. फ्यूज हा तारेचा राखणदार आहे. दिवा जळाला तर शंभर-दोनशे रुपये जातील; तार जळाली तर गाडी जाईल, आणि गाडीत माणसे असली तर त्याची किंमत कोण करणार?

आपल्या मराठी पुस्तकात फ्यूजला वितळतार हा सुंदर शब्द आहे. मी स्वतः होळकर कॉलेजात हिंदी माध्यमातून शिकलो. आमच्याकडे रोधाला 'प्रतिरोध' आणि एकसर जोडणीला 'श्रेणीक्रम' म्हणत. परिपथ मात्र दोन्ही भाषांत परिपथच. पण फ्यूजला आम्ही फ्यूजच म्हणायचो. वितळतार हा शब्द त्याचे काम सांगतो : सगळ्यांच्या आधी आपण वितळायचे आणि परिपथ तोडायचा. ८० अँपिअरची धारा आली तर ३ अँपिअरचा फ्यूज पापणी लवायच्या आत उडतो. तारेला तापायला वेळच मिळत नाही.

फ्यूज निवडण्याचा नियम एका वाक्याचा आहे : तो दिव्याला लागणाऱ्या धारेपेक्षा मोठा आणि तारेला सोसणाऱ्या धारेपेक्षा लहान असावा. आपल्या दिव्याला एक अँपिअरही लागत नाही. आपली तार पाचाहून अधिक अँपिअर सहज सोसते. म्हणून ३ अँपिअरचा फ्यूज योग्य.

गाड्यांमध्ये मिळणाऱ्या चपट्या, पात्यांच्या फ्यूजला रंगांची भाषा असते. २ अँपिअरचा राखाडी, ३ चा जांभळा, ५ चा फिकट बदामी, ७.५ चा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. वरती आकडाही छापलेला असतो. आपल्या गाडीतला फ्यूज उडाला की लोक हाताला लागेल तो मोठा फ्यूज बसवतात, काही जण तर सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी चांदी गुंडाळून काम भागवतात. हे राखणदाराला घालवून चोराच्या हाती किल्ली देण्यासारखे आहे. फ्यूज उडाला म्हणजे कुठेतरी दोष आहे. आधी तो दोष शोधावा, मग त्याच आकड्याचा फ्यूज लावावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फ्यूजची जागा. तो बॅटरीच्या टोकाजवळ, एका वितीच्या आत असावा. पुष्कळदा तो सोयीसाठी दिव्याजवळ लावलेला आढळतो. मग बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची चार-पाच मीटर तार उघडीच राहते. वाटेत ती कुठे पत्र्याला टेकली, तर मागे बसलेल्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

एका तारेची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात आपल्या एका पालकांच्या जीपमध्ये नेमके हेच झाले. त्यांनी प्रवासात एका गॅरेजमध्ये डिकीत दिवा बसवून घेतला होता. तार थेट बॅटरीच्या खिळ्याला गुंडाळलेली, फ्यूज नाही, आणि इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून ती तशीच आत घेतलेली. पत्र्याची कड सुरीसारखी धारदार असते. गाडी चालताना होणाऱ्या कंपनांनी काही महिन्यांत आवरण कापले गेले. सिमरोलच्या घाटात पायाशी धूर दिसू लागला. सुदैवाने त्यांच्याजवळ पाना होता आणि प्रसंगावधान होते. त्यांनी गाडी थांबवून सगळ्यांना उतरवले आणि बॅटरीचे टोक सोडवले. दिवा जसाच्या तसा होता. तार मात्र दोन मीटरपर्यंत काळी पडून चिकटली होती. ती तार त्यांनी शाळेला दिली आहे आणि ती प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात आहे. पालकसभेला याल तेव्हा अवश्य पाहा.

मिस्त्री पंधरा मिनिटांत काम करून देतो, हे म्हणणे खरे आहे. दिवा पंधरा मिनिटांत लागतो. उरलेला तासभर ती तार सुरक्षित करायला लागतो, आणि तो तास बाहेरून दिसत नाही.

परत जाण्याची वाट

घरात प्रत्येक दिव्याला दोन तारा जातात. गाडीत मात्र एकच तार दिसते. परिपथ तर पूर्ण व्हायलाच हवा, मग दुसरी वाट कुठे आहे? आजच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे आपल्या जिप्सीतही बॅटरीचे ऋण टोक जाड पट्टीने गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते. संपूर्ण पत्रा हीच दुसरी तार. आपण त्याला अर्थ किंवा अर्थिंग म्हणतो, जरी त्याचा जमिनीशी काही संबंध नसतो; गाडी तर रबराच्या टायरांवर उभी असते!

म्हणून दिव्याची ऋण तार जवळच्याच एखाद्या बोल्टखाली पत्र्याला जोडली की काम होते. पण पत्र्यावर रंग असतो आणि रंग वीज वाहू देत नाही. बोल्टखालचा रंग काचकागदाने घासून धातू चकचकीत करावा, तारेच्या टोकाला थिंबल दाबून बसवावे, बोल्ट आवळावा आणि वरून थोडी पेट्रोलियम जेली लावावी, म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. जुन्या गाड्यांचे मिणमिणते, लुकलुकणारे दिवे पाहिलेत ना? त्यातल्या पुष्कळांचे कारण गंजलेले अर्थिंग असते.

दिवा कोणता घ्यावा?

दोन प्रकार आहेत. एक जुना तंतूचा बल्ब, दुसरा एलईडी. १० वॅटच्या बल्बला १० भागिले १२ म्हणजे सुमारे ०.८३ अँपिअर लागतात. ३ वॅटचा एलईडी ०.२५ अँपिअरवर चालतो आणि उजेड बल्बपेक्षा कमी देत नाही. समजा बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे आणि दिवा चुकून चालू राहिला. बल्ब साधारण २१ तासांत निम्मी बॅटरी खाईल. एलईडीला त्यासाठी ७० तास लागतील. बॅटरी निम्म्यावर आली, त्यात रात्र थंडीची असली आणि बॅटरी जुनी असली, तर सकाळी स्टार्टर फिरेलच याची खात्री नाही. जंगलात असताना हा फरक फार मोठा ठरतो.

शिवाय बल्बची काच चांगलीच तापते. आपल्या जिप्सीचे छत कॅनव्हासचे आहे आणि त्याखाली अंथरुणे रचलेली असतात. त्या मानाने एलईडी थंड राहतो. म्हणून आपण एलईडीच घेत आहोत.

एलईडीच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, त्याला दिशा असते. बल्ब उलटा जोडला तरी लागतो. साधा एलईडी लागत नाही, कारण तो धारेला एकाच दिशेने जाऊ देतो. दुसरी, इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरीला भारत असतो आणि विभवांतर १४ व्होल्टच्या वर जाते. म्हणून दिव्याच्या डब्यावर १० ते १५ किंवा त्याहून जास्त व्होल्टपर्यंत चालेल, असे लिहिलेले पाहून घ्यावे.

पांढऱ्या एलईडीमागची कथाही मुलांना ठाऊक असावी. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला. पांढऱ्या प्रकाशासाठी निळा एलईडी हवा होता, आणि तो नीट जमायला आणखी सुमारे तीस वर्षे लागली. ते काम करणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शंभर-दोनशे रुपयांच्या त्या दिव्यात एवढ्यांची तपश्चर्या आहे.

वीज कुठून घ्यावी?

तीन मार्ग आहेत.

पहिला, थेट बॅटरीवरून फ्यूज लावून स्वतंत्र तार ओढणे. किल्ली नसतानाही दिवा लागतो आणि गाडीच्या मूळ तारांना हात लावावा लागत नाही. चालू राहिला तर बॅटरी उतरते, हा याचा दोष.

दुसरा, किल्ली फिरवल्यावरच वीज येते अशा तारेवरून जोडणी घेणे. दिवा विसरला तरी किल्लीबरोबर बंद होतो. पण शिबिरात गाडी उभी असतानाच दिवा हवा असतो, त्यामुळे आपल्याला हा सोयीचा नाही.

तिसरा, छताच्या मूळ दिव्याला समांतर जोडणी करणे, म्हणजे दार उघडताच दोन्ही दिवे लागतील. ऐकायला छान वाटते, पण इथे एक खोच आहे. अनेक गाड्यांत छताच्या दिव्याला धन वीज कायम पोचलेली असते, आणि दाराचे बटण त्याची ऋण बाजू पत्र्याला जोडते किंवा तोडते. अशा गाडीत नव्या दिव्याची धन तार तिथून घेतली आणि ऋण तार नेहमीप्रमाणे पत्र्याला लावली, तर दिवा कधी बंदच होणार नाही. त्याची ऋण तारही दाराच्या बटणाकडे जाणाऱ्या तारेलाच जोडावी लागते. कोणती बाजू तुटते ते टेस्ट लॅम्पने किंवा मल्टीमीटरने आधी तपासावे, अंदाजाने तार कापू नये.

आपण पहिला मार्ग घेतला आहे आणि बटण डिकीच्या दाराशी, हाताला सहज लागेल असे ठेवणार आहोत. दिव्याची धारा इतकी कमी आहे की साधे बटण पुरते, रिलेची गरज नाही. ज्यांना पुढे मोठे दिवे लावायचे असतात, त्यांचे गणित वेगळे. ५५ वॅटचे दोन दिवे नऊ अँपिअरहून अधिक धारा ओढतात. तिथे जाड तार, मोठा फ्यूज आणि रिले हवाच.

नव्या गाड्यांबद्दल एक सूचना. जिप्सी १९८५ साली आली, तिची तारांची रचना साधी आहे; कान्हा, पेंच इथल्या सफारीत मंडळींनी ती पाहिलीच असेल. आजच्या गाड्यांत दिवे, दारे, कुलपे यांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नजर ठेवते. अशा गाडीत मधेच तार तोडून जोडल्यास यंत्रणा बिघडू शकते आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. तिथे कंपनीच्या अधिकृत केंद्रात विचारूनच काम करावे.

काम कसे होईल?

१. सर्वांनी हातातली घड्याळे, अंगठ्या, बांगड्या, कडी काढून ठेवायची. धातूची बांगडी बॅटरीचे धन टोक आणि पत्रा यांच्यामध्ये आली तर क्षणात तापून लाल होते.

२. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवायचे. कारण धन टोक आधी सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला तर तिथेच शॉर्ट सर्किट होते. ऋण टोक सोडवताना पाना पत्र्याला लागला तरी काही बिघडत नाही, कारण दोन्ही एकच आहेत. परत जोडताना क्रम उलटा : आधी धन, शेवटी ऋण.

३. धन टोकाशी फ्यूजचा धारक बसवायचा, पण त्यात फ्यूज अजून घालायचा नाही.

४. तार इंजिनामागच्या पत्र्यातून आत घेताना भोकात रबरी ग्रोमेट हवाच. काचेच्या कपाटातली ती तार आठवा.

५. तार नळीत घालून गाडीच्या तळाच्या कडेने, पायपोसाखालून न्यायची. सीटचे सरकते रूळ, दाराचे बिजागर, सायलेन्सर आणि पेट्रोलची नळी यांपासून ती दूर ठेवायची. दर वीतभर अंतरावर केबल टायने बांधायची, लोंबती ठेवायची नाही.

६. दिवा बसवताना स्क्रूसाठी भोक पाडायचे असेल तर पलीकडे काय आहे, ते आधी वाकून पाहायचे. पुष्कळ जीपगाड्यांत मागच्या तळाखाली पेट्रोलची टाकी असते. भोक पाडण्याचे काम मुले करणार नाहीत, ते इलेक्ट्रिशियन भैया करतील.

७. जोड पिळून वर टेप गुंडाळायचा नाही. उन्हाळ्यात टेपचा चिकटा सुटतो. जोड दाबून बसवायचा आणि वर उष्णतेने आक्रसणारी स्लीव्ह चढवायची.

८. बटण बंद ठेवून, बॅटरी जोडण्याआधी, धन तार आणि पत्रा यांच्यामध्ये मल्टीमीटर लावायचा. वाट तुटलेली दिसली पाहिजे. ती जुळलेली दिसली तर तार कुठेतरी पत्र्याला टेकली आहे, ती शोधायची.

९. मग बॅटरी जोडायची, सर्वांत शेवटी फ्यूज घालायचा आणि बटण दाबायचे.

एक गोष्ट शिबिराच्या चालकांसाठी. गाडी चालताना हा दिवा बंद असावा. त्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेत आणि आरशात पडते, आणि मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवरही पांढरा प्रकाश जातो. म्हणून दिव्याचे तोंड खाली, सामानाकडे ठेवणार आहोत.

मुलांनीच का?

दहावीच्या पुस्तकात विद्युतधारेचा धडा आहे. ओहमचा नियम, एकसर आणि समांतर जोडणी, जूलचा नियम, फ्यूज, सगळे त्यात आहे. आमची मुले गणिते बरोबर सोडवतात आणि पूर्ण गुण मिळवतात. पण "घरात फ्यूज उडाला तर काय कराल?" असे विचारले की वर्ग शांत होतो. माझ्या मते ही शांतता काळजीची आहे. पुढे यातली पुष्कळ मुले गाडी चालवतील, घर बांधतील, दुकान काढतील. तार त्यांनी स्वतः ओढली नाही तरी चालेल. पण ओढणाऱ्याला योग्य प्रश्न विचारता आले पाहिजेत.

म्हणून त्या दिवशी एक प्रयोगही होईल. सर स्वतः, डोळ्यांवर चष्मा लावून आणि मुलांना दूर उभे करून, २ अँपिअरचा फ्यूज लावलेली तार मुद्दाम अर्थिंगला टेकवतील. फ्यूज उडालेला दिसेल, तार थंड असल्याचे मुले हात लावून पाहतील. मग त्या कपाटातल्या काळ्या तारेकडे सगळे पुन्हा एकदा बघतील. पाच रुपयांच्या आसपासच्या वस्तूने काय वाचवले, हे मला फळ्यावर लिहून सांगावे लागणार नाही.

ज्या पालकांच्या गाडीत नंतर बसवलेला एखादा दिवा, म्युझिक सिस्टिम, हॉर्न किंवा चार्जर असेल, त्यांना विनंती आहे की त्यांनी आपल्या मिस्त्रींना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. फ्यूज कुठे आहे? तो किती अँपिअरचा आहे? तार पत्र्यातून जाते तिथे रबर आहे का? तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली तर निश्चिंत राहा. एकाचेही उत्तर "त्याची गरज नाही" असे आले, तर ते काम दुसऱ्याकडून तपासून घ्या.

विश्वस्त मंडळींना विनंती की शाळेच्या बसगाड्यांतही नंतर जोडलेल्या सर्व तारांची अशीच तपासणी या सुट्टीत करून घ्यावी. खर्च थोडा आहे, आणि त्या बसमधून रोज आपली मुले ये-जा करतात. तपासणीच्या दिवशी दहावीतले जे विद्यार्थी मदतीला येऊ इच्छितात, त्यांनी पालकांच्या लेखी संमतीसह आपली नावे विज्ञानाच्या सरांकडे द्यावीत.

आपला,
मुख्याध्यापक